आधी तपासणी, मग सेन्सर

मंडळी, डोंगरकड्यापासून वारंगा फाट्यापर्यंत रस्त्याकडेला गाडी उभी दिसली की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : "सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही." मग कुणीतरी स्कॅनर लावतं. पी-०३३५ असा कोड येतो. "क्रँक सेन्सर गेला" म्हणून नवा बसवतात. गाडी चार दिवस चालते आणि पुन्हा तीच तऱ्हा. मालकाचे पैसे गेले, केळीची खेप खोळंबली आणि फिटरचं नाव खराब झालं ते वेगळंच.

माझं म्हणणं सरळ आहे. कोड ही तक्रार आहे, निकाल नाही. पी-०३३५ चा अर्थ "क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड" एवढाच. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशी वायर येते, कपलर येतो, आर्थिंग येतं. चोर घरातलाच आहे एवढं कळलं, कोणता ते शोधायचं बाकी आहे.

हा सेन्सर करतो काय? क्रँकवर किंवा फ्लायव्हीलवर दात्यांची चकती असते. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा, त्यातले २ मुद्दाम गाळलेले. ५८ दाते सेन्सरसमोरून जातात, तेवढ्या पल्स कंट्रोलरकडे जातात. रिकामी जागा आली की क्रँक नेमका कुठे आहे ते त्याला कळतं आणि त्यावरून ठिणगी नि इंधनाची वेळ ठरते. इंजिन ३००० आरपीएमला असेल तर सेकंदाला २९०० पल्स. एक जरी चुकली तरी हिशेब बिघडतो.

आता बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं बघा. त्याला स्वतःचा वेगळा कंट्रोलर असतो. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पाडायला काही गाड्यांत 'टायमिंग अॅडव्हान्सर' लावतात. तो बऱ्याचदा याच क्रँक सेन्सरची वायर कापून मधे बसतो. जोड नीट सोल्डर न करता नुसता पीळ मारून टेप गुंडाळला, तर पहिल्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो. शिव्या मात्र सेन्सरला!

तपासायचं कसं? महागड्या यंत्राआधी डोळे आणि साधा मीटर बरंच काम करतात.

१. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज फार पडतो का? आरपीएमचा काटा किंवा स्कॅनरवरचा आकडा हलतो का? शून्यच राहिला तर सिग्नल पोचत नाही असा संशय धरा.

२. कपलर काढून बघा. पिन सैल, हिरवट, ऑइलने भिजलेली आहे का? वायर सायलेन्सरजवळ वितळली आहे का?

३. सेन्सर काढून टोकाला लोखंडी कीस चिकटलाय का बघा. चकती आणि सेन्सरमधली फट कंपनीने सांगितली तेवढीच हवी. ती मिलिमीटरच्या आसपासची गोष्ट आहे, अंदाजाने वॉशर टाकायची जागा नाही.

४. दोन वायरचा मॅग्नेटवाला सेन्सर असेल तर ओहम मोजा आणि सेल्फ मारताना एसी व्होल्ट येतो का पाहा. त्याच्या वायरी उलट जोडल्या तर सिग्नल येतो, पण टायमिंग चुकतं. तीन वायरचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून उपयोग नाही. आधी सप्लाय आणि आर्थिंग बघा, मग पल्स.

५. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, तर गरम असतानाच मोजा. थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसणार.

६. सिग्नलची वायर कॉइलच्या वायरीला खेटून नेऊ नका. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला आर्थ करा.

एवढं करूनही सापडलं नाही तर ऑसिलोस्कोप लागतो. पल्सचा आकार, तुटलेला दाता, मधेच घुसलेला आवाज, सगळं पडद्यावर दिसतं. पण आपल्या भागात किती गॅरेजांत तो आहे? आणि असला तरी वायरिंगचा नकाशा कुठून आणायचा?

खरा प्रश्न इथे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. हवेसाठी ते गरजेचंच होतं. गाड्या बदलल्या, पण गावच्या फिटरला नवं शिक्षण कुणी दिलं? सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. पुढे वाद कोर्टात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. दिल्लीत पोर्टल निघालं, पण डोंगरकड्याच्या टपरीवजा गॅरेजात नकाशा अजून पोचायचाय.

म्हणून तीन मागण्या. हिंगोली-नांदेडच्या आयटीआयने काम करणाऱ्या फिटरांसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग घ्यावा, त्यात स्कोप हाताळायला द्यावा. किट बसवणाऱ्याने कोणती वायर कुठे कापली ते बिलासोबत लिहून द्यावं. आणि तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे : तपासणीची मजुरी द्यायला शिका. "नुसतं बघितलं तर पैसे कशाचे?" असं आपण म्हणतो, म्हणून फिटरही न बघता पार्ट बदलतो. तपासायचे तीनशे वाचवायला जातो आणि न लागणाऱ्या पार्टला तीन हजार मोजतो.

गाडीवर ज्याचं पोट आहे त्याच्यापर्यंत हे पोचवा. आणि फिटर भावांनो, तुमचा अनुभव खाली नक्की लिहा.