ऑस्करसाठी काढलेली वर्गणी

फेब्रुवारी-मार्च हे आमच्या घरात दोन तापांचे महिने. एक परीक्षेचा आणि दुसरा पुरस्कारांचा. पहिला ताप मुलांना येतो तसा उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मलाही येतो. दुसरा मात्र घरात फक्त मलाच. जानेवारीत मुंबईचे सोहळे सुरू होतात, मग मराठीतले गौरव आणि सन्मान, आणि सगळ्यांचा कळस म्हणजे ऑस्कर. लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ असते तेव्हा मांद्रेत सोमवारची पहाट असते. आदल्या रात्री मी गजर लावून झोपते. कोणी जागे होऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज बारीक ठेवते आणि डब्यासाठी पीठ मळता मळता कोण जिंकले, कोण हरले ते बघते. कोणी तरी अनोळखी बाई हातात ती सोनेरी बाहुली धरून आपल्या आईचे आभार मानते आणि इकडे माझ्या डोळ्यांत पाणी!

आमचे 'हे' उठून बाहेर येतात आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतात. "यातले किती सिनेमे तू पाहिलेस?" खरे उत्तर असते एक, फार तर दोन. मी चहा पुढे करते आणि विषय बदलते.

सासूबाईंचा प्रश्न याहून अवघड. त्या दशावताराच्या वेड्या. जत्रेतले दहीकाल्याचे नाटक रात्रभर जागून बघणार आणि सकाळी कोणते पात्र कुठे कमी पडले ते अंगणात उभ्याने सांगणार. त्या म्हणतात, "बक्षीस मेळ्ळें म्हण सिनेमा बरो जाता काय गे?"

वाचकहो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला एकाच ठिकाणी सापडतात. त्यासाठी वीसेक वर्षे मागे जावे लागेल.

साल २००४. मी गोवा विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करत होते. माहेर मांद्रेतच, सासरपासून दोन वाडे पलीकडे. त्या वर्षी संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ने राष्ट्रपतींचे पहिलेवहिले सुवर्णपदक पटकावले होते. त्यानंतर मराठीला हा मान मिळायला पन्नास वर्षे लागली. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला, परश्याला, डोळे दाखवायला पुण्याला घेऊन जातो. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग असल्याचे निघते. जीव वाचवायचा तर डोळे गमवावे लागणार. अरुण नलावडे यांचा आजोबा आणि अश्विन चितळे या मुलाचा परश्या. पणजीला मैत्रिणींबरोबर मी तो पाहिला आणि परतीच्या बसमध्ये शिवोलीचा पूल ओलांडेपर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही.

पुढे बातमी आली की भारतातर्फे 'श्वास' ऑस्करला जाणार. त्याच वर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पहिल्यांदा पणजीत आला होता. मांडवीच्या काठावर दिव्यांच्या माळा, नवे चित्रगृह, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली माणसे. जग आता तीस किलोमीटरवर येऊन उभे राहिले आहे, असे आम्हाला वाटू लागले होते.

ऑस्करला चित्रपट नुसता पाठवून भागत नाही. मत देणारे सदस्य तो बघतील अशी सोय करावी लागते, तिकडे खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात आणि हे सगळे डॉलरमध्ये. 'श्वास'च्या मंडळींकडे एवढा पैसा कुठला? मग महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी मदत केली, शाळेतल्या मुलांनीसुद्धा. ते वाचून आम्हा चौघी-पाच जणांच्या अंगात वारे भरले. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला फट पाडली, शंभर पानी वही घातली पिशवीत आणि निघालो घरोघरी.

मांद्रेची माणसे देवळाच्या कामाला हात आखडत नाहीत, हे मला माहीत होते. पण कधी न पाहिलेल्या सिनेमासाठी, कधी न पाहिलेल्या अमेरिकेत खर्च करायला ती पैसे देतील असे वाटले नव्हते. दिले. शिंप्याने दहा, मास्तरांनी शंभर, दुकानदार काकांनी पन्नास. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी एक आजी होती. तिने आधी पाटी उतरवून सगळी गोष्ट ऐकून घेतली. मग कनवटीची वीस रुपयांची नोट काढून डब्यात घातली आणि विचारले, "गे बाय, मगीर त्या भुरग्याचे दोळे वाचले?"

मी म्हटले, "ते सांगणार नाही आजी. सिनेमा बघ, मग कळेल."

ती म्हणाली, "आनी तो खंय बघूचो?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हापशाला जायचे म्हणजे तिचा अख्ख्या दिवसाचा धंदा बुडणार आणि तिथे तरी तो तेव्हा कुठे लागला होता? मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न डब्यातल्या नाण्यांसारखा माझ्याबरोबर खुळखुळत राहिला.

वहीत एकूण जमा झाली ३,४१५ रुपये. ते कोणाच्या नावे, कसे पाठवायचे याची चौकशी करण्यात आमचे दिवस गेले. मधे परीक्षा, मधे एकीच्या घरचे लग्न. आळसच म्हणायचा. तोवर २५ जानेवारी २००५ उजाडला आणि नामांकने जाहीर झाली. पाच परभाषी चित्रपटांत 'श्वास' नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही. महिन्याभराने 'द सी इनसाइड' या स्पॅनिश चित्रपटाला ऑस्कर मिळाले. मान खाली शरीर लुळे पडलेला एक माणूस मरणाचा हक्क मागतो, त्याची ती गोष्ट. तो मी पुढे कित्येक वर्षांनी पाहिला आणि तेव्हा कळले की त्या रात्री ज्याला मी शत्रू समजत होते, तो 'श्वास'चा भाऊबंदच होता. न बघताच राग धरला होता!

पण तेव्हा प्रश्न वेगळा होता. कपाटात डबा होता आणि डब्यात गावाचे पैसे. मैत्रिणींपैकी एक म्हणाली, निर्मात्यांना आताही पाठवून देऊ. दुसरी म्हणाली, ज्याचे त्याला परत करू. मला राहून राहून आजीचा प्रश्न आठवत होता. मी म्हटले, या पैशांत सिनेमाच इथे आणू या.

वही घेऊन पुन्हा दारोदार गेलो. पैसे घ्यायला जाताना जी ऐट होती ती आता नव्हती. बहुतेकांनी "करा काय ते" म्हणून मान डोलावली. दुकानदार काकांनी मात्र चष्म्यावरून बघत सुनावले, "आमी पैशे अमेरिकेक धाडूंक दिल्ले, तुमच्या खेळाक न्हय." मला भयंकर अपमान वाटला. आज वाटते, त्यांचेच बरोबर होते. ज्या कामासाठी पैसे घेतले ते काम आम्ही वेळेत केले नव्हते. त्यांचे पन्नास रुपये परत केले आणि वहीत तशी नोंद केली.

मे महिन्यात वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात खेळ ठरला. म्हापशाहून प्रोजेक्टर आणि पडदा भाड्याने आणला, त्याचे २,००० रुपये. लाउडस्पीकर ५००, सीडी १५०, चहा-बिस्किटे ६००. असा खेळ लावायला कोणाची परवानगी लागते, एवढी अक्कल आम्हाला तेव्हा नव्हती. ती चूक इथे कबूल करून टाकते.

दीडशेच्या वर माणसे जमली. दशावताराला बसतात तशी, चटया अंथरून, पोरेबाळे मांडीवर घेऊन. सुरुवातीला गडबड होती. कोकणातले घर पडद्यावर दिसले तशी बायकांत कुजबुज झाली, "आमचेंच मगे." डॉक्टर आजोबांना खरे काय ते सांगतो तिथे सगळा मंडप गप्प झाला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर घेऊन जातो, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवायला. नेमकी तिथे वीज गेली.

मे महिन्यातली ती वीज. कधी येईल त्याचा नेम नाही. मला वाटले, आता माणसे चटया गुंडाळतील. कोणी उठले नाही. काळोखात एका लहान मुलाने आईला विचारले, "परश्याक आतां अशेंच दिसतलें?" आईने त्याला जवळ ओढले. पाऊण तासाने वीज आली तेव्हा मंडपातली एकही चटई हललेली नव्हती.

खेळ संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. माणसे हळूहळू उठली. दुकानदार काका मागे खांबाला टेकून उभे होते. पैसे परत घेतले आणि सिनेमालाही आले. दोन्ही त्यांचे हक्कच. मासेवाली आजी माझ्याजवळ आली. "अशे झाले आजी, ऑस्कर काही मिळाले नाही," असे काहीसे मी बोलून गेले. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. पदराने डोळे पुसत एवढेच म्हणाली, "म्हाताऱ्यान बरें केलें. दोळे आसतना दाखयलें."

एवढी वर्षे मी चित्रपटांवरची परीक्षणे वाचते आहे, वर्गात शिकवतेही. 'श्वास'बद्दल याहून नेमके वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही.

त्यानंतर मराठीतून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे दोन चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेले. तिथे नामांकनापर्यंत मात्र आजवर आपले तीनच चित्रपट पोचले आहेत: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. सुवर्णकमळे मात्र मराठीने आणखी आणली. 'देऊळ', 'कोर्ट', आणि २०१७ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. त्या बातमीने मला विशेष आनंद झाला. कारण हिवाळ्यात, पुरस्कारांच्या याच हंगामात, आमच्या मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि वन खात्याची माणसे घरट्यांभोवती राखण बसतात. मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले की कासवे राखणाऱ्या माणसांच्या सोबतीने एक खचलेला मुलगा कसा सावरतो, त्याची ही गोष्ट आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, खंय लागला?" पुन्हा तोच प्रश्न! लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या 'पलतडचो मुनिस' या कोकणी चित्रपटाने २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवला. शेटगांवकर हे आडनाव आमच्या पेडण्यातले. मी वर्गात विचारले, किती जणांनी पाहिला? दोन हात वर आले. अभिमान मात्र सगळ्या वर्गाला होता.

मला वाटते, आपली गफलत इथेच होते. पुरस्काराचा अभिमान वाटून घेणे सोपे, कारण त्याला बघावे लागत नाही. भानू अथैया या मूळच्या कोल्हापूरच्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली ती बाहुली त्यांनी नीट जपली जावी म्हणून अकादमीकडेच परत सोपवली. त्यांचे काम मात्र परत करता येण्यासारखे नाही. ते 'गांधी'त आहे, 'लगान'मध्ये आहे, आणि बघणाऱ्याला केव्हाही दिसते.

आमच्याकडच्या दशावतारात एखाद्या पात्राने रंग भरला की प्रेक्षकांतून बक्षीस येते. देणारा समोर चटईवर बसलेला असतो. त्याने ते पात्र तिथेच, त्याच रात्री डोळ्यांनी पाहिलेले असते. खुद्द ऑस्करवाल्यांना ही गोष्ट कळायला २०२५ साल उजाडले. ज्या विभागात मत द्यायचे त्यातले सगळे नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेलेच असले पाहिजेत, असा नियम त्यांनी त्या वर्षी केला. मी सासूबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आदीं बघिनासताना दिताले?" आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.

तेव्हा माझा ताप काही उतरलेला नाही. गजर यंदाही लागेलच. फक्त आता मी स्वतःला एक अट घातली आहे. ज्याच्यासाठी रडायचे तो चित्रपट आधी पाहिलेला असावा. २०२५ साली सुजय डहाके यांच्या नव्या 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मी विद्यार्थ्यांना सांगितले, अभिनंदनाचे संदेश नंतर पाठवा. घरात आई-आजीला जवळ बसवून आधी सिनेमा बघा. वीसेक वर्षांपूर्वी त्यासाठी म्हापशाहून पडदा आणावा लागत होता, आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे. "खंय लागला" हे विचारायची सोय आता फारशी उरलेली नाही.

ती शंभर पानी वही अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर शिल्लक आहे ११५ रुपये. ते आम्ही गावच्या वाचनालयाच्या पेटीत टाकले. त्याआधी मी आजीचे वीस रुपये परत द्यायला गेले होते. तिने पाटीवरचे फडके सारखे केले, नोटेकडे पाहिलेही नाही आणि म्हणाली, "बघलें न्हय मगे? मगीर कित्याक?"