पिकअपला मोठे टायर? आधी टेप लावून पाहा



मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, की रावेर-यावलकडच्या काळ्या मातीचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. वहाणा घालून बांधावरून चार पावले टाकली तरी पाय जड होतो. त्या मातीत केळीचे घड भरायला पिकअप नेली, की मागचे एक चाक जागीच गरगर फिरते. मग शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, यात सकाळ जाते आणि कापलेला माल उन्हात पडून राहतो. अशा दिवशी घरातला तरुण मुलगा म्हणतो, "आप्पा, जीपवाले टाकतात तसे मोठे टायर टाकू. गाडी उचलायची गरज नाही, नुसते टायर बदलायचे."

पोराची मागणी वेडगळ नाही. गाडीच्या मागच्या आसावर मधोमध जो डिफरन्शियलचा गोळा असतो, तो चाकोरीतल्या उंचवट्याला आधी टेकतो. बाकी काहीही करून गाडीचा सांगाडा वर उचलला, तरी हा गोळा वर जात नाही. तो वर नेतो फक्त मोठा टायर. पण किती वर नेतो, हे कुणी मोजून पाहत नाही. ते आज आपण मोजू.

टायरच्या कडेला मापाचे आकडे उठवलेले असतात. आपल्याकडे पिकअपवर दिसणारे एक नेहमीचे माप म्हणजे २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आता वहीवर मांडा. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१. वरची आणि खालची अशा दोन भिंतींचे ३२२ आणि रिमचे १५ इंच म्हणजे ३८१. एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर. दुकानदार जो 'एक नंबर मोठा' म्हणून दाखवतो तो पुष्कळदा २३५/७५ आर १५ असतो. त्याची उंची निघते ७३३. फरक ३० मिलिमीटर. पण आस असतो चाकाच्या मध्यावर, म्हणून गाडी वर येते त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर. म्हणजे बोटभरसुद्धा नाही. त्याहून मोठा, ३१ इंची टायर घातला तर गाडी सुमारे ४२ मिलिमीटर वर येईल, पण तो साडेदहा इंच रुंद असतो आणि त्याला किमान सात इंच रुंदीचे रिम लागते. आपल्या रिमची रुंदी रिमवरच ठोकलेली असते, ती वाचा. बहुतेक पिकअपचे रिम याहून अरुंद निघेल. म्हणजे रिमही नवे, आणि ते बाहेर काढलेले असले तर चाकाच्या बेअरिंगवर जादा ताण.

बरे, चिखलात गाडी अडते ती उंची कमी पडते म्हणूनच का? नेहमी नाही. जुन्या बैलगाडीला लोखंडी धाव असायची. ती अरुंद आणि कडक, म्हणून काळ्या मातीत सुरीसारखी खाली जायची. तिच्या जागी रबरी टायरची गाडी आली, तेव्हा त्याच बैलांना तेच ओझे हलके झाले. यात टायरच्या आतल्या हवेचा मोठा वाटा. जेवढी हवा कडक, तेवढा टायर जमिनीला कमी जागेवर टेकतो आणि तेवढा खाली रुततो. आता पिकअप पाहा. टन-दीड टन मालासाठी मागचे टायर दगडासारखे फुगवलेले असतात आणि त्याच हवेवर आपण रिकामी गाडी शेतात घालतो. तिथे २१५ चा टायर असो की २३५ चा, हवा तेवढीच ठेवली तर जमिनीला टेकणारी जागा फारशी वाढत नाही.

दुसरे कारण नक्षीचे. झिजून गुळगुळीत झालेला टायर कितीही मोठा असला तरी चिखलात तो घसरगुंडीच. आणि आपली माती चिकट. मोठ्या टायरने चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा खाल्लेली असते, तिथे चिखलाचा लगदा दाबून बसला की चाकच जाम होते. रेताड जमिनीवर ज्या टायरची वाहवा होते, तो आपल्या करळात असा फसतो. पांझरा-गिरणेच्या पात्रातून गाड्या फिरवणाऱ्यांचा सल्ला केळीच्या बागायतदाराने म्हणूनच जसाच्या तसा घेऊ नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. मापाच्या पुढे टायरवर आणखी एक आकडा असतो, भार सोसण्याचा. हा आकडा १०० असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो, १०५ असेल तर ९२५ किलो आणि ११२ असेल तर १,१२० किलो. मालगाडीचे टायर जास्त भाराचे असतात. जीपगाडीसाठी केलेला रुबाबदार, जाड नक्षीचा टायर दिसायला मोठा, पण त्याचा आकडा पुष्कळदा कमी असतो. समजा, केळी भरल्यावर मागच्या आसावर दोन टन भार आला. एकेका टायरवर एक टन. ९२५ किलोचा टायर तिथे पहिल्या दिवसापासून कमी पडतो. असा टायर चिखलात फुटत नाही. तो फुटतो मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या डांबरावर, साठच्या वेगात. म्हणून जुन्या टायरवरचा आकडा कागदावर लिहून दुकानात न्या आणि नवा त्याहून कमी असेल तर माप कितीही आवडो, परत फिरा.

आम्ही याविषयी इतके आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री धुळ्याकडून रावेरला पपई घेऊन जाणारी मालगाडी यावल तालुक्यात किनगावजवळ उलटली आणि मालावर बसून घरी निघालेले किमान पंधरा मजूर दगावले. ते टायरमुळे झाले असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या भागात मालाच्या गाडीवर माणसे बसतात, बायका-मुले बसतात. बसू नयेत, कायदाही तेच सांगतो, तरी बसतात. टायर फुटून किंवा ब्रेक कमी पडून भरलेली गाडी कलंडली, तर नुकसान गाडीपुरते राहत नाही.

ब्रेकचेही तसेच. टायर मोठा झाला म्हणजे चाकाचा घेर वाढला, ब्रेक मात्र तेवढाच राहिला. २३५ च्या टायरला घेर शेकडा ४ वाढतो, ३१ इंचीला जवळजवळ १२. ओढ आणि थांबण्याची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. सातपुड्यात पालच्या चढावर भरलेली गाडी पहिल्या गियरमध्ये उठेना, म्हणून चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो आणि क्लच प्लेट जळते. लळिंगचा घाट उतरताना हाच हिशेब ब्रेकला लागू पडतो. शिवाय मीटर खोटे बोलू लागते. ३१ इंचीवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने धावत असते. आणि भाडे किलोमीटरवर ठरवत असाल, तर २३५ च्या टायरवर शंभर किलोमीटर जाऊन मीटरवर ९६ च पडतील. चार किलोमीटर फुकट!

टायर घासतो की नाही, हे रिकाम्या गाडीवर पाहू नका. उभ्या गाडीत मडगार्डखाली चार बोटे जागा दिसते, पण माल भरला की पाटे बसतात आणि ती जागा निम्मी होते. गाडी भरा, एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. आत सांगाड्याला, मडगार्डला आणि विशेषतः ब्रेकच्या रबरी नळीला टायर लागतो का, ते दुसऱ्या माणसाने बाहेरून बॅटरी लावून पाहावे. नळी घासून फाटली तर ब्रेक जातो. घासते म्हणून मागे जादा पाटा टाकून गाडी उचलणारे आहेत. त्याने रिकामी गाडी उडते आणि मागच्या चाकाची पकड आणखी सुटते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ रूपात मनाजोगा फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. कंपनीच्या पुस्तकात तुमच्या गाडीसाठी जी मापे दिली आहेत, त्यांतलेच घेतले तर प्रश्न नाही. त्याबाहेर गेलात तर पासिंगला अडचण येते आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न टायरचा काढू शकते.

मग चिखलाचे काय करायचे? पुस्तकातलेच माप घ्या, भाराचा आकडा पुरा घ्या आणि मागे आडव्या, खोल खाचांची लग नक्षी घ्या. पुढे सरळ रेघांची रिब चालते. कायद्याने चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण काळ्या मातीत त्याच्या कितीतरी आधी टायर निकामी झालेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर मागचे दोन नवे घाला. रिकामी गाडी शेतात नेताना मागची हवा चौथाईने कमी करा आणि वीसच्या वर वेग नेऊ नका. माल चढण्याआधी मात्र हवा पुन्हा पूर्ण भरायची, यात आळस नको, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीतच ठेवा. हवा मोजायचा गेज स्वतःचा असू द्या. आणि पाऊस लागून असेल तर गाडी सडकेलाच उभी करून घड डोक्यावरून बाहेर आणायचे, ही आपली रीत अजूनही सगळ्यांत स्वस्त आहे. मजुरीचे चार पैसे जास्त जातात, पण गाडी जागेवर राहते आणि बागेतली चाकोरीही मोडत नाही.

हे सगळे वाचूनही कुणाला पुस्तकात बसणारे मोठे माप घ्यायचेच असेल, तर स्टेपनी विसरू नका. हौद्याखालच्या तिच्या जागेत नवे माप मावते का ते आधी बघा. एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला जुना लहान टायर अशी गाडी मागच्या आसावर लांब पळवली, तर डिफरन्शियलचे दात रात्रंदिवस एकमेकांवर घासत राहतात. टायर घ्यायचे तर पाच घ्या, आणि पैशाचा हिशेब पाचाचाच करा.