‘आता पुरे’ कोण म्हणतो?

चकलीच्या घाण्याशी बसलेल्या गृहिणीला कढई कधी चढवायची हे सांगावे लागत नाही. डबे भरले, आता पुरे, हे मात्र घरातल्या कोणीतरी सांगावे लागते. आपल्या रक्तातल्या ‘बी’ पेशींचेही असेच आहे. रोगजंतू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवणे हे त्यांचे काम. पण त्यांना थांबवतो कोण?

बी पेशीच्या अंगावर नाना तऱ्हेचे ‘ग्राही’ असतात. (‘ग्राहक’ हा शब्द मराठीच्या मास्तराला नको वाटतो, त्याने दुकान आठवते.) एक ग्राही जंतूला पकडतो आणि ‘लागा कामाला’ असा निरोप आत धाडतो. दुसऱ्याचे नाव बारशाला कोणी ठेवणार नाही असे आहे : एफसी-गॅमा-दोन-बी! हे गृहस्थ जंतूकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जंतूला आधीच चिकटलेल्या प्रतिपिंडाची शेपटी तेवढी ते धरतात. शेपटी हाती लागली, त्या अर्थी माल तयार आहे, असा त्यांचा हिशेब. असे दोन्ही ग्राही एकाच जंतूला धरून शेजारी आले, की दुसऱ्याच्या आतल्या टोकावर फॉस्फेटचा टिळा लागतो. त्या खुणेने ‘शिप’ नावाचे विकर तेथे येते आणि कामाचा निरोप वाटेतच अडवते. ‘सीडी-२२’ नावाचा आणखी एक ग्राही आपल्याच पेशींवरील शर्करेची खूण ओळखून बी पेशीला आवरतो.

हा लगाम नसला तर? १९९६ साली एफसी-गॅमा-दोन-बी नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्यात प्रतिपिंडे प्रमाणाबाहेर बनू लागली. २००० साली असे दिसले की, अशाच एका वाणाच्या उंदरांना ल्यूपससारखा आजार जडतो. प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांवर उलटली आणि मूत्रपिंडांचा नाश झाला. माणसांतल्या ल्यूपसचे दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रियाच, त्याही बहुधा ऐन उमेदीतल्या. सांधे, कातडी, मूत्रपिंडे, काहीच सुरक्षित नाही.

माणसांतही या ग्राहीचा एक दुबळा नमुना आढळतो. प्रथिनाच्या साखळीतली २३२वी कडी तेवढी बदललेली. आई आणि बाप दोघांकडून तो आला, तर ल्यूपसचा धोका वाढतो. मग असले वाण टिकले तरी कसे? गंमत म्हणजे युरोपात ते विरळ. आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात बरेच अधिक. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, केनियातल्या ज्या मुलांना हा दुबळा लगाम दोन्हीकडून मिळाला होता, त्यांच्यात हिवतापाचे गंभीर रूप कमी आढळले.