दोन्ही कान दिसायला हवेत

सैनिकाचा छातीपर्यंतचा फोटो काढायचा असेल आणि खोली लहान असेल, तर माझं मत सरळ आहे. लेन्सचं अॅपर्चर एफ ५.६ वर ठेवा. उजेड भरपूर असेल तर एफ ८. फारच अडचण असेल तर एफ ४, पण त्याहून जास्त उघडू नका.

आमच्या मेसमधल्या तरुण अधिकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्याकडे एफ १.८ च्या, कुणाकडे एफ १.४ च्या लेन्स आहेत. इतके पैसे मोजून घेतलेली लेन्स अर्धी बंद करून वापरायची, म्हणजे नवी गाडी दुसऱ्या गिअरवर चालवण्यासारखं त्यांना वाटतं. मागची भिंत पार विरघळली पाहिजे, ही हौस. त्या विरघळण्याला ते ‘बोके’ म्हणतात. मला बोके म्हटलं की कुकहाऊसमागचेच आठवतात, पण तो माझा दोष. जयपूरच्या या पोस्टिंगमध्ये हा वाद इतक्यांदा झाला, की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांनी रायफल चालवली आहे त्यांना अॅपर्चर वेगळं शिकवायला नको. एसएलआर असो वा इन्सास, बॅकसाइटला एक बारीक छिद्र असतं. त्यातून पाहिलं की फोरसाइट टिप स्पष्ट दिसते आणि लांबचं टारगेटही बऱ्यापैकी दिसतं. उघड्या डोळ्याला एका वेळी दोन्ही जमत नाही. छिद्र लहान झालं की जवळचं आणि लांबचं एकत्र स्पष्ट होतं. चष्मा घरी विसरलेले आमचे निवृत्त सुभेदार साहेब डोळे बारीक करून बसची पाटी वाचतात, तेही हेच. लेन्समध्ये फक्त आकड्यांचा उलटा कारभार आहे. आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं, आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान.

आता खोलीत या. आपल्याकडचं ऑफिस साधारण दहा बाय बारा फुटांचं. टेबल आणि कपाट बाजूला सरकवा. जवानाला मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे स्टुलावर बसवा. तुम्ही त्याच्यापासून पाच फुटांवर उभे राहा. तुमच्या पाठीशी तीन फूट उरतात, तेवढे पुरतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स असेल, तर या अंतरावरून डोकं, खांदे आणि छातीवरच्या रिबन नीट मावतात.

या अंतरावर एफ १.८ ला स्पष्टतेचा पट्टा असतो जेमतेम तीन सेंटिमीटरचा. एफ २.८ ला पाच, एफ ४ ला सात, एफ ५.६ ला दहा आणि एफ ८ ला चौदा. डोळ्यांवर फोकस धरला तर यातला अर्धा पट्टा डोळ्यांच्या पुढे आणि अर्धा मागे जातो. आता आरशासमोर उभे राहून स्वतःचा चेहरा मोजा. नाकाचं टोक डोळ्यांच्या तीन-चार सेंटिमीटर पुढे, कान आठ-नऊ सेंटिमीटर मागे. म्हणजे एफ १.८ ला डोळे आले की नाकाचा शेंडाही गेला आणि कानही गेले. जवान श्वास सोडताना जरा पुढे झुकला, तर डोळेही गेले. एफ ५.६ ला नाक, गाल, जबडा स्पष्ट येतो आणि कान किंचित मऊ असले तरी त्यांची घडण कळते. एफ ८ ला कानही जवळजवळ पूर्ण येतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स असेल, तर याच अंतरावर एफ ४ लाच चौदा सेंटिमीटर मिळतात. तिथे एवढं बंद करायची गरज नाही.

‘पण मग मागची भिंत दिसेल ना, सर!’ दिसू दे. चार फूट मागे असली की एफ ५.६ लाही तिचे पोपडे आणि खिळ्यांची भोकं पुसट होतात. कॅलेंडर मात्र ओळखू येईल, तेवढं आधी काढून ठेवा. लहान खोलीत जवानाला भिंतीला चिकटवून बसवतात आणि मग अॅपर्चर उघडून भिंत घालवायला बघतात. स्टूल पुढे ओढणं फुकट आहे. आणि खोली लहान म्हणून कॅमेरा घेऊन दोन फुटांवर जाऊ नका. जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यावर कुठलंच अॅपर्चर उपाय नाही. मोबाइलचंही तेच. पाच फुटांवरून काढा आणि नंतर कापा. त्यातला पार्श्वभूमी धूसर करणारा मोड बंद ठेवा. तो हिशेबानं कडा ठरवतो आणि कधी कधी बेरेच्या कडेबरोबर कानाची पाळीही खातो.

खरी किंमत उजेडाची आहे, हे मान्य. एफ १.८ वरून एफ ५.६ वर आलात की उजेड सुमारे एक दशांश उरतो. म्हणून दिवसा काढा, खिडकीजवळ काढा. खिडकी एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. आयएसओ ८०० ते १६०० मध्ये काम होतं. फोटो थोडा दाणेदार आला तर येऊ दे. दाणेदार चेहरा ओळखता येतो, धूसर नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात काढणं भागच असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. त्याहून वेगळ्या शटरवर फोटोत पट्टे येऊ शकतात.

आणि उजेडाचं रडगाणं जयपुरात तरी गाऊ नये. इथले महाराजा सवाई रामसिंह दुसरे, कारकीर्द १८३५ ते १८८०, स्वतः छायाचित्रकार होते. त्या काळी काचेवर ओलं कोलोडियन लावून ती ओली असेपर्यंत फोटो घ्यावा लागे आणि धुवावाही लागे. समोरच्या माणसाला काही सेकंद हलायची सोय नसे. लेन्सचं छिद्र बदलायचं तर वेगवेगळ्या भोकांच्या धातूच्या पट्ट्या लेन्सच्या खाचेत सरकवत. एवढ्या कटकटीत या राजानं दरबारी, कारागीर, जनान्यातल्या पडदानशीन स्त्रिया आणि स्वतःचेही फोटो काढले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. त्या स्त्रियांतल्या कित्येकींची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. चेहरे मात्र आहेत.

घरी लेकराचा, मित्राचा, बायकोचा फोटो काढताना लेन्स हवी तेवढी उघडा. तिथे गंमत आहे आणि मीही ती करतो. पण सैनिकाच्या फोटोला पुढे काम असतं. ओळखपत्राला तो लागतो. पेन्शनच्या कागदांना पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत तो देवघराशेजारच्या भिंतीवर जातो. आणि कधी कधी त्याला त्याहून मोठं काम पडतं.

जयपूरहून झुंझुनूकडे गेलात तर शेखावाटीच्या गावागावांत, रस्त्याच्या कडेला हुतात्म्यांचे पुतळे दिसतील. गणवेशातले, खाली नाव, पलटण आणि तारीख. अशा पुतळ्याची सुरुवात कुटुंबानं आणलेल्या फोटोपासून होते. जयपूरच्या जुन्या शहरात ‘खजानेवालों का रास्ता’ नावाची मूर्तिकारांची गल्ली आहे. तिथल्या एका वयस्कर कारागिराला मी विचारलं, की फोटो कसा असला म्हणजे तुमचं काम सोपं होतं? त्यानं डोळ्यांचं नावही काढलं नाही. कान आणि जबडा दिसू दे, म्हणाला. डोळे सगळेच चांगले आणतात. कान दिसला नाही तर तो अंदाजानं कोरावा लागतो, मग म्हातारी येते, पुतळ्याभोवती एक फेरी मारते आणि काही न बोलता निघून जाते.

अशी वेळ येते तेव्हा घरच्यांकडे बहुधा काय असतं? कोर्सचा ग्रुप फोटो, ज्यात प्रत्येक चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. खडकवासल्यापासून आम्ही असे ग्रुप फोटो काढत आलो आहोत, भिंतीच्या भिंती भरल्या आहेत. नाहीतर लग्नातला फोटो, ज्यात डोक्याला फेटा आणि कपाळावर मुंडावळ्या. नाहीतर कुठल्याशा चौकीवरचा सेल्फी, नाक पुढे आणि कान गायब. माणूस वीस-वीस वर्षं नोकरी करतो, त्याच्या रायफलचा नंबर तीन रजिस्टरांत असतो आणि त्याचा धड एक चेहरा कुठे नसतो. हे मला पटत नाही.

म्हणून कंपनी कमांडर असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. वर्षातून एक दिवस काढा. खिडकीजवळची खोली, एक स्टूल, जमिनीवर खडूची एक खूण, पाच फुटांवर दुसरी. एफ ५.६. प्रत्येकाचे दोन फोटो, एक टोपीसह, एक टोपीविना. माणशी पाच मिनिटं लागतात. शंभर जणांना एक दिवस पुरतो. फाइल पेन ड्राइव्हमध्ये अडकवून ठेवू नका, प्रिंट काढून जवानाच्या हातात द्या, म्हणजे रजेवर जाताना तो घरी नेईल.

आणि निवृत्त मंडळींनो, तुम्हीही. वहिनींना शेजारी बसवा, खांद्याला खांदा लावून, दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर. एक पुढे आणि एक मागे बसला तर एकजण धूसर येणार, आणि आपल्या पिढीत मागे बहुधा वहिनीच बसतात. एफ ८ लावा. खिडकी उघडा. नातवाला सांगा, आजोबांचे दोन्ही कान दिसले पाहिजेत.