लग्नाच्या चित्रीकरणाला ‘आरडब्ल्यू’ नको




लग्नाचे चित्रीकरण ‘आरडब्ल्यू’ डीव्हीडीवर घ्या, ती पुन्हा वापरता येते, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. नातेवाइकांना वाटायची तबकडी पुसायची कशाला? शिवाय आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परावर्तित होतो. काही जुने प्लेयर तिला दुहेरी थराची तबकडी समजतात आणि नाकारतात. १९९७ साली आलेली, एकदाच भरता येणारी ‘मायनस आर’ तबकडी अशा प्लेयरांवर सहसा चालते. नंतरची ‘प्लस आर’ही वाईट नाही, काही रायटर तिच्यावर ‘डीव्हीडी-रॉम’ अशी ओळख नोंदवतात, मग हट्टी प्लेयरही ती घेतो.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या पत्रात आलीच नाही. रेकॉर्डरवर भरलेली ‘आर’ तबकडी फायनलाइज (म्हणजे शेवटी नोंद पूर्ण करून बंद) केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी बहुधा लागणारच नाही. रेकॉर्डिंगही ‘व्हिडिओ मोड’मध्येच करावे. ‘व्हीआर मोड’मध्ये नको तो भाग कापता येतो हे खरे, पण हा मोड वाचणारे प्लेयर मोजकेच. कापाकापी आधी हार्डडिस्कवर उरकावी. आणि अमेरिकेतल्या नातलगांसाठी एनटीएससी या तिथल्या चित्रपद्धतीत वेगळी प्रत काढावी. तिथले बरेच प्लेयर आपले पाल पद्धतीचे चित्र दाखवत नाहीत.

कळावे,
एक वाचक