माल्टाची तोफ तिकीट लावून दाखवतात, मग घारापुरीच्या तोफांचं काय?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी त्यात आहेत. आनंद सगळ्यांनाच झाला. पण ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांचं काय? उरण तालुक्यात घारापुरीच्या डोंगरावर इंग्रजांच्या काळातल्या दोन भल्यामोठ्या तोफा आहेत. बहुतेक पर्यटक लेणी बघतात आणि परतीची बोट पकडतात. अशाच एका तोफेचं माल्टा देशाने काय केलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं बेट. आकाराने रायगड जिल्ह्याच्या विसाव्या भागाएवढंही नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि लंडन-मुंबई जहाजांची वाट माल्टावरून जाऊ लागली. हे बेट गेलं तर हिंदुस्थानची वाट अडली, ही इंग्रजांची भीती.

त्यातच इटलीने आपल्या नव्या युद्धनौकांसाठी शंभर टनी तोफा मागवल्या. त्या बनवणारी आर्मस्ट्राँग कंपनी इंग्लंडचीच! धंदा घरच्याचा आणि धास्तीही घरच्यांनाच. मग ब्रिटिश सरकारने त्याच कंपनीकडून तशाच चार तोफा घेतल्या. दोन माल्टाला, दोन जिब्राल्टरला.

माल्टाच्या एका तोफेसाठी रिनेला इथे किल्ला बांधला. काम १८७८ ते १८८६ चाललं. तोफेचं तोंड ४५ सेंटिमीटर रुंद. एक गोळा सुमारे ९०० किलोचा आणि त्याला दारू २०० किलो. माणसांच्या हाताने हे भरणं अशक्य, म्हणून वाफेच्या इंजिनावर पाण्याच्या दाबाची यंत्रं चालवून तोफ भरायची आणि फिरवायची. एवढं करून लढाईत या तोफेतून एकही गोळा सुटला नाही. गोळा महाग, म्हणून सरावही मोजकाच. तोवर नव्या, झटपट भरता येणाऱ्या तोफा आल्या आणि १९०६ मध्ये ही कायमची थंडावली.

पुढे किल्ला ओस पडला. १९९० नंतर तिथल्या एका वारसा संस्थेने तो हाती घेतला. स्वयंसेवकांनी साफसफाई आणि डागडुजी केली, जुने गणवेश घालून कवायती दाखवल्या, तिकीट लावलं. अशा तोफा आज जगात दोनच उरल्यात, एक इथे आणि एक जिब्राल्टरला.

यातून आपण काय घ्यायचं? नुसत्या लोखंडाला बघायला कोणी येत नाही. त्याची गोष्ट सांगणारं माणूस लागतं. घारापुरीत लेण्यांना १९८७ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. पर्यटक येतातच, त्यांना वर नेणारं कोणी हवं. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदरच्या पोरापोरींना प्रशिक्षण दिलं, तोफांजवळ मराठीत नीट माहितीफलक लावला, तर पर्यटक दोन तास जास्त थांबेल. तेवढाच चहा, जेवण आणि रोजगार गावाला.

पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, हे खरं. पण मागणी गावानेच करायला हवी. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडायला काय हरकत आहे?