ड्रोनला हात घालू नका, दिघोरीकरांनो!

दिवाळी आटोपली. मंडईच्या जत्रांचे दिवस आले. तुळशीचं लग्न लागलं की गावोगाव मांडव पडतील आणि थंडीत बैलजोड्यांच्या शर्यतींचे शंकरपट भरतील. यातला बहुतेक कार्यक्रम आता ड्रोनने टिपला जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून दिघोरी आणि आसपासच्या गावकऱ्यांना आत्ताच, गर्दी जमण्याआधी, हात जोडून विनंती: खाली येणाऱ्या ड्रोनला हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका.

ड्रोन हातात झेलायची सवय आपल्याकडे का पडते, हे उघड आहे. त्याला उतरायला धड जागाच नसते. पावसाळ्यात बांधीत चिखल, कापणीनंतर धसकटं, खळ्यावर तनस, पटाच्या मैदानात धूळ. मातीत उतरवलं तर धूळ मोटारीत जाते, तनशीची काडी पात्यात अडकते. मग शूटिंगवाला हात वर करतो, यंत्र अलगद तळव्यावर येतं, भोवतीची पोरं टाळ्या पिटतात. पुढच्या वेळी त्यातलंच एखादं पोर हात पुढे करतं. खरी भीती तिथे आहे.

शूटिंगचा ड्रोन जड नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि फिरताना ती दिसतच नाहीत, दिसतं ते नुसतं धूसर वर्तुळ. शिवाय हे यंत्र स्वतःचा तोल स्वतः सांभाळतं. आपण त्याला ओढलं की वाऱ्याने ढकललं असं त्याला वाटतं आणि जागेवर राहण्यासाठी ते आणखी जोर लावतं. हातात तिरकं झालं तर सरळ होण्यासाठी खालच्या बाजूच्या मोटारी जास्त वेगाने फिरवतं. आपली बोटं नेमकी तिथेच असतात. पोटाखालच्या सेन्सरला तळहात म्हणजे जमीन वाटते, त्यामुळे झेलायला गेलो की ते कधी अडून राहतं, कधी एकदम वर उसळतं. मग माणूस घाबरून झडप घालतो, आणि घात होतो.

2015 च्या मे महिन्यात मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गायक एनरिके इग्लेसियसने भर कार्यक्रमात कॅमेऱ्याचा ड्रोन हातात धरला. आधीच्या कार्यक्रमांतही तो असं करत असे. त्या रात्री बोटं कापली गेली आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घरच्या परिचिताने उडवलेला ड्रोन झाडाला घासून भरकटला आणि दीड वर्षाच्या बाळाचा डोळा गेला. दोन्हीकडे उडवणारे नवखे नव्हते.

आता शूटिंगवाल्या भावांनो, तुमच्याशी. झेलण्याची गरजच पडू नये, एवढं करणं तुमच्या हातात आहे. एक ताडपत्री आणि चार विटा गाडीत ठेवा. ताडपत्री ताणून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या की चिखलाच्या धुऱ्यावरही उतरण्यापुरती जागा होते. ताडपत्री सैल राहिली तर पात्यांच्या वाऱ्याने वर उडेल, एवढं पाहा. बॅटरी संपेपर्यंत नवरदेवाच्या मागे फिरू नका. चार्जचा चौथा हिस्सा उरला की यंत्र खाली आणा. घाईत झेलण्याची वेळ बहुतेकदा बॅटरीच आणते.

आणि झेलावंच लागलं, समजा डोंग्यात बसून नदीवर चित्रण चालू आहे, तर ते फक्त हलक्या, तळहातावर मावणाऱ्या यंत्राचं आणि शिकलेल्या माणसाचं काम. उडवणाऱ्याचे दोन्ही हात रिमोटवर, झेलणारा वेगळा. त्याच्या डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाहीचा शर्ट, गळ्यात लोंबता दुपट्टा नाही. यंत्राचं तोंड झेलणाऱ्यापासून पलीकडे, नाहीतर समोरचे सेन्सर हात पाहून ते मागे सरकेल. ते डोक्याच्या वर स्थिर झालं की हात पूर्ण ताणून खालून, पोटाला धरायचं. बाजूने कधीच नाही. धरल्यावर ओढायचं नाही, उलटं करायचं नाही. उडवणाऱ्याने रिमोटवरची खाली उतरवायची काडी तळाशी दाबून धरायची. बहुतेक यंत्रांत दोन-तीन सेकंदांत मोटारी थांबतात, आणि चारही पाती पूर्ण थांबलेली दिसेपर्यंत हात आहे तसाच वर ठेवायचा. दोन्ही काड्या कोपऱ्यांत ओढून मोटारी बंद करण्याची सोयही काही यंत्रांत असते. ती हवेत वापरली तर ड्रोन दगडासारखा लोकांच्या डोक्यावर येईल. आपल्या यंत्राची रीत त्याच्या पुस्तिकेतून आधीच वाचून ठेवा. वारा सुटला असेल तर झेलूच नका.

फवारणीच्या ड्रोनबद्दल दुसरा शब्द नाही: त्याच्या जवळही जाऊ नका. दहा लिटरची टाकी भरली की त्याचं वजन 25 किलोच्या घरात जातं आणि पाती सुमारे दोन फुटांची असतात. शिवाय त्याच्यावर औषध सांडलेलं असतं ते वेगळंच. ड्रोन दीदी, म्हणजे फवारणीचा ड्रोन उडवणारी ताई, धानावर फवारणी करत असेल तर धुऱ्यावरून दूर थांबा. टाकी भरायची ती पाती थांबल्यावर आणि तिने खूण केल्यावरच.

लग्नघरच्या मंडळींनीही एक प्रश्न विचारावा. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणायला लाजायचं काय? स्वयंपाक्याच्या हातची चव आपण आधी घेऊन पाहतोच की.

एवढं करूनही कुणाचा हात कापला तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा, 108 ला फोन लावा. बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको. डोळ्याला लागलं तर चोळू नका, दाबू नका, वर कप उपडा धरून थेट दवाखाना गाठा.

मंडई आणि पटाच्या समित्यांना शेवटची विनंती. मैदानाच्या कडेला ड्रोनसाठी दोरी बांधून चौकोन राखून ठेवा, त्यात फक्त उडवणारा आणि त्याचा सोबती. पहिली जोडी सुटण्याआधी माईकवाल्याला सांगून ठेवा, ड्रोन खाली यायला लागला की त्याने ओरडायचं: ‘पोरांनो, दोरीच्या बाहेर!’